धूर दिसला पाहिजे

परंड्याहून बार्शीकडं जाणाऱ्या रस्त्याला आमचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे पत्र्याचं शेड, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि पुढं, अगदी रस्त्याच्या तोंडावर, मी.

नवरा आधी टेंपो चालवायचा. मणक्याचं दुखणं लागलं तेव्हा टेंपो विकला आणि रस्त्याकडच्या आमच्या तुकड्यावर हे शेड घातलं. सुरुवातीला मी आत गॅसवर स्वयंपाक करत होते. मटण हेच, काळं तिखट हेच, भाकरी याच हातची. पण गाड्या पुढं निघून जायच्या. मग धाकटे दीर म्हणाले, "वैनीला चुलीसकट पुढं बसवा." नवऱ्यानं चूल पुढं आणली, 'चुलीवरचं गावरान मटण' असा बोर्ड रंगवून घेतला आणि मला नऊवारी नेसायला लावली. लग्न झाल्यापासून मी सहावारी नेसते. माझ्या आईलाही मी कधी नऊवारीत बघितलेलं नाही. पण गाड्या थांबायला लागल्या, हे खरं.

माणसं उतरायची ती मोबाइल हातात धरूनच. "मावशी, जरा फुंका ना, धूर येऊ द्या." मला मावशी म्हणणारे कितीतरी जण माझ्याहून थोराड असायचे. मी फुंकणी उचलायची, फुंकायची. धूर माझ्या तोंडावर यायचा आणि त्यांचा फोटो छान यायचा.

पुढं खोकला सुटेना. डोळे सकाळी चिकटून बसायचे, कोमट पाण्यानं सोडवावे लागायचे. बार्शीच्या डॉक्टरांनी एका नळीत फुंकायला लावलं आणि विचारलं, "तंबाखू? बिडी?"

"नाही."

"मग चूल?"

मी मान हलवली. ते नवऱ्याकडं वळून म्हणाले, "यांना धुरातून बाहेर काढा. औषध मी देतो, पण धुरात बसून औषध घेण्यात अर्थ नाही."

नवरा तिथं हो हो म्हणाला. परत येताना मोटरसायकलवर म्हणाला, "डॉक्टरला काय जातंय बोलाया." दुसऱ्या दिवशी मी तोंडाला पदर बांधून चुलीपाशी बसले, तर एका गिऱ्हाइकानं तो सोडायला सांगितला. फोटोत तोंड दिसत नव्हतं म्हणे.

धरणाकडं पुण्याच्या एका कुटुंबाचं फार्महाउस आहे. त्यांनी पाहुण्यांच्या जेवणासाठी मला बोलावलं. तिथं ओसरीवर ती भट्टी होती. हिरवी, रांजणाच्या आकाराची, जाडजूड. बाहेरून लोणच्याच्या बरणीसारखी गुळगुळीत. वर बिजागरीचं जड झाकण, खाली हवेसाठी छोटी खिडकी. बाई म्हणाल्या, "सिरॅमिकचं ग्रिल आहे. कोळशावर चालतं. तुमची हंडी बसेल यात."

हंडी बसली. कोळसे फुलल्यावर आम्ही झाकण लावलं. मी सवयीनं फुंकणी शोधायला लागले तर बाई हसल्या. "काही करायचं नाही. बसा." मी खुर्ची ओढून बसले. मटण आपलं आपण शिजत होतं. वरच्या भोकातून वाफेसारखं काहीतरी निघत होतं, तेही वाऱ्याबरोबर दुसरीकडं जात होतं. सगळी दुपार माझ्या डोळ्यांतून एक थेंब पाणी आलं नाही. मटण काढलं तर हाडापासून सुटून आलेलं.

निघताना बाई म्हणाल्या, "आमच्या यांनी हौसेनं आणलं आणि हौस संपली. जागा अडवून बसलंय नुसतं. तुम्ही घेता का? नवीन घ्याल त्याच्या निम्म्यातही देऊ."

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बघू." आमच्याकडं बघू म्हणजे नाही, फक्त भांडण नको असतं तेव्हाचं. म्हणून मी बाईंना फोन केला आणि वापरून बघायला भट्टी मागून घेतली. त्यांनीच गाडीतून पाठवली. नवऱ्यानं ती शेडाच्या मागं, भांडी घासायच्या जागेपाशी ठेवायला लावली.

सासूबाई बघायला आल्या. त्यांना मी आत्या म्हणते. त्यांचा एक डोळा केव्हाच पांढरा झालाय, दुसऱ्यानं भागवतात. भट्टीवरून हात फिरवून म्हणाल्या, "ह्यो रांजण धूर करत न्हाय?"

"लई थोडा करतो, आत्या."

त्या बराच वेळ हात तसाच ठेवून उभ्या होत्या.

रविवारी मी पुढच्या चुलीवर नुसतं भाकरीचं काम ठेवलं आणि मटणाच्या हंड्या मागं भट्टीत लावल्या. कुणाला काही बोलले नाही. सोलापूरचे लोक होते, बार्शीचे होते, किल्ला बघून आलेलं एक मोठं कुटुंब होतं. रस्सा पुन्हा पुन्हा मागितला. एक गृहस्थ तर हात धुता धुता मला म्हणाले, "मावशी, चुलीची चव ती चुलीचीच. गॅसला नाही येत बघा." मी "व्हय" म्हणाले.

दुपार उतरल्यावर नवरा जेवायला बसला. त्यानं दोनदा वाढून घेतलं, वाटी बोटानं पुसून काढली. मग मी सांगितलं, "हे सगळं मागच्या भट्टीतलं आहे."

मला वाटलं होतं, तो हसेल. निदान वाटीकडं तरी बघेल. तो ताटावरून उठला.

"गिऱ्हाइकाला फसवलंस तू."

"काय फसवलं? मटण तेच, मसाला तोच."

"बोर्डावर काय लिवलंय? उद्या कुणी मोबाइलवर टाकलं तर? धंदा बसंल."

मला नऊवारी नेसवून रोज बसवतात ते काय, असं तोंडावर आलं होतं. खोकला आला, आणि खोकला थांबेपर्यंत तो मोरीकडं गेला होता.

संध्याकाळी त्यानं दिरांना बोलावलं. खरं तर निर्णय कधीच झाला होता, तो फक्त मला ऐकवायचा होता. दीर शांतपणे, शाळेत शिकवल्यासारखं बोलले. "वैनी, मटण चांगलं झालं, मी न्हाय म्हणत न्हाय. पण गाडीवाला मटण बघून थांबत न्हाय. गाडी जोरात असते. त्याला लांबून धूर दिसला पाहिजे. मग बाई दिसली पाहिजे. मग तो ब्रेक मारतो."

"मग धूर तुम्ही करा," मी म्हणाले. "बाजूला बाभळीची लाकडं पेटवून ठेवा. मी मागं शिजवते."

दोघंही हसले. मी चेष्टा केली नव्हती.

"डॉक्टर काय म्हणाले ते सांगा भाऊजींना," मी नवऱ्याला म्हणाले.

"सांगितलंय," तो म्हणाला. "त्यालाबी म्हाईत हाय."

म्हणजे माहीत होतं. हे मला आजही सगळ्यात जास्त लागतं. माहीत नसतं तर मी समजावत बसले असते.

आत्या खाटेवर बसून ऐकत होत्या. त्या आपल्या लेकांच्या मध्ये सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी बोलल्या. "घ्या की त्यो रांजण. माजा डोळा गेला. हिचे तरी ऱ्हाऊ द्या."

"आई, तू नको मधी पडू," नवरा म्हणाला, आणि दिरांनी विषय ज्वारीवर नेला.

भट्टी परत गेली. बाईंना मी फोनवर सांगितलं, आमच्याकडं जमणार नाही. त्या म्हणाल्या, "अहो, पण तुम्हाला तर आवडली होती ना?" काय सांगणार. जागा नाही म्हणाले.

थंडी सरल्यावर एका सकाळी मी हॉटेलात आले तर रस्त्याच्या बाजूला, शेडाच्या उजव्या अंगाला, फरशीचा ओटा बांधलेला आणि त्यावर तीच हिरवी भट्टी. वर छत्री, छत्रीला रंगीत दिवे. क्षणभर माझा जीव एवढा हलका झाला की मी नवऱ्याला म्हणाले, "कधी आणली? सांगायचं तरी!"

तो दिरांकडं बघायला लागला. दीर आतून आले ते काळा ॲप्रन घालून. डोक्याला टोपी. "वैनी, आता पोरं फोनवर बघून येत्यात. कोळशावरचं चिकन, पनीर. त्याला वेगळं गिऱ्हाईक हाय. हे माझं काउंटर."

"आणि मटण?"

"मटण चुलीवरच की. एका बाजूला गावरान, एका बाजूला हे. डबल धंदा."

मी म्हणाले, सकाळी गिऱ्हाईक नसताना तरी माझी हंडी त्यात लावते. दीर म्हणाले, "मसाल्याचा वास बसतो आत. नका हात लावू." माझ्याच नवऱ्यानं माझ्याच हातातली हंडी घेऊन चुलीवर ठेवली. जोरात नाही, अगदी अलगद ठेवली.

त्या उन्हाळ्यात दीर ओट्यावर उभे राहून झाकण उघडायचे, मिटायचे. लोक त्यांना सर म्हणायचे. मी आठ हातांवर चुलीपाशी. वारा त्यांच्याकडून आला की धूर सगळा माझ्याकडं.

एक दिवस पहाटे खोकून खोकून मी अंगणातच बसले. आत्यांनी पाठ चोळली. उजाडल्यावर मी नवऱ्याला सांगितलं, "आजपासून मी चुलीपाशी बसणार नाही. मारा, नाहीतर माहेरी पाठवा." तो मारणारा नाही. माहेरीही पाठवलं नाही. दोन दिवस हॉटेल बंद ठेवलं, माझ्याशी बोलला नाही, आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्या वस्तीवरनं एक बाई कामाला घेऊन आला. माझ्याहून लहान. तिला माझीच लुगडी दिली.

आता मी मागं कांदा चिरते, पीठ मळते, पैसे घेते. खोकला कमी झालाय, गेलेला नाही. ती पुढं बसते. परवा तिला उबळ आली तेव्हा मी पाणी घेऊन गेले आणि म्हणाले, "बाई, वेळेत डॉक्टरला दाखव. हा धूर चांगला नाही. मी त्यातूनच गेलीये."

तिनं आधी माझा नवरा कुठं आहे ते बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "वैनी, असं नका बोलू कुणापुढं. मला काढून टाकतील."

तेवढ्यात एक गाडी थांबली. तिनं पाण्याचा तांब्या बाजूला सारला, तोंड पुसलं आणि दोन तुराट्या आत सारून फुंकायला लागली.