मीठ विरलं, गाठ राहिली

देवीवरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगतो. राग लपवून अनुभव लिहिणं मला जमायचं नाही. शाळा दुसरीपर्यंतची, लिहिण्यात चुकलं तर पोटात घाला.

आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या अंगावर गाठी येतात. लहानपणी चहाच्या रंगाचे डाग, वयात आलं की मऊ गाठी. वडील त्यांना देवीचे दाणे म्हणायचे आणि मीही चारचौघांत ताठ मानेनं तेच सांगायचो. दाण्याला बोट लावायचं नाही, डॉक्टरला दाखवायचं नाही. चैत्रात धाड गावाजवळच्या देवीच्या टेकडीवर जायचं, आंघोळ करून ओलेत्यानं देवीला मीठ वाहायचं. मीठ विरतं तशी पीडा विरते म्हणे. माझी बहीण मथुरा, तिच्या छातीत दाणा आला. तीन चैत्र तिनं मीठ वाहिलं. मग दाणा फुटला आणि त्यातच ती गेली. आम्ही म्हणालो, देवीनं नेली. आज ते बोलणं आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटतं.

महाराष्ट्र झाला त्याच्या दोन-तीन वर्षांनंतर माझी लेक गोदा माहेरी आली, तीही छातीत दाणा घेऊन. मी मिठाची पुरचुंडी बांधली आणि तिला घेऊन टेकडी चढलो. मनात मात्र पहिल्यांदाच देवीशी भांडत होतो, आमच्याच बायका काऊन?

विहिरीजवळ बायकांच्या आडोशाला गोदानं आंघोळ केली. तिथून एक अनोळखी म्हातारी तरातरा माझ्याकडं आली.

"बाप तू त्या पोरीचा?"

"हाव."

"तिच्या छातीतली गाठ कवापासून हाय?"

"देवीचा दाणा हाय तो. तुले काय करायचं?"

"दाणे माह्या अंगावरही हायेत, पाह्य." तिनं हात पुढं केला. हुबेहूब आमच्यासारख्या गाठी. "ह्या दाबल्या का दबतात. लेकीची आंघोळीत माह्या हाताले लागली, गोट्यासारखी टणक हाय, हालत नाही. माहीही तशीच होती. नागपूरले कापून टाकली, म्हून जिती हाय तुह्यापुढं." पदराखाली तिची एक बाजू सपाट होती.

"आमच्या घराण्याले शिकवू नको, बाई!"

"मंग मीठ जास्त आण बे. तेरवीच्या सैपाकालेही लागीन!"

असा संताप आला मला! पाय आपटत गाभाऱ्यात गेलो. देवीपुढं सकाळपासून लोकांनी वाहिलेलं मीठ पाणी होऊन ओघळत होतं. मथुरेचंही असंच ओघळलं होतं. तिन्ही वर्षं. माझी मूठ उघडलीच नाही.

पुरचुंडी तशीच परत आणली आणि गोदाला एस.टी.नं नागपूरला नेलं. तिथं गाठ कापून काढली. डॉक्टर म्हणाले, अंगभर गाठी आहेत म्हणूनच ही एक ओळखू आली नाही. तुमच्या घरच्या बायकांनी तर इतरांहून जास्त जपायला हवं. मी खाली मान घालून ऐकलं.

ती म्हातारी पुन्हा कधी दिसली नाही. गुरवालाही ती ठाऊक नव्हती. ती देवी होती असं मी म्हणत नाही. देवी असेल तर मथुरेच्या वेळी कुठं होती? पण त्या दिवशी माझी मूठ कोणी धरली, तेही मला सांगता येत नाही. इतकी वर्षं देवीपुढं वाकलो ते घराण्याच्या तोऱ्यात. खरी मान झुकली ती डॉक्टरपुढं.

आता दर चैत्रात पायथ्याशी उभा राहतो. भावकीतल्या बायकांना ओरडून सांगतो, आधी गाठ दाखवा, मग मीठ वाहा. म्हातारा चळला म्हणतात. म्हणोत. गोदाच्या पोरीच्या पाठीवरही ते चहाचे डाग आहेत.

यंदा मीही वर निघालो. गोदा माझ्यापुढं चढत होती. वळून म्हणाली, "बाबा, थकले का? का अजून भांडून राह्यले देवीशी?"

तेवढ्यापुरता राग बाजूला ठेवला आणि वर देवळाकडं पाहून हात जोडले.