किहीमकरांच्या लेकीच्या लग्नातली बाकडी

एफ्राइम किहीमकर एकतीस वर्षं तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत स्टोअरला होते. बाहेरून आलेला माल त्यांच्या सहीशिवाय आत जात नसे. पिंपावरचं लेबल वाचायचं, झाकणाचं सील बघायचं, पिंप जरा हलवून कान लावायचा आणि मग सही. नोकरी संपली, पण सवय गेली नाही. पनवेलच्या बाजारात नारळवाला त्यांना बघूनच म्हणायचा, "साहेब, तुमचा तुम्ही निवडा. मी बोलतच नाही."

२०१४च्या डिसेंबरात त्यांच्या मुलीचं, तालीचं लग्न ठरलं. मुलगा ठाण्याचा, डॅनी नावाचा. ताली मुंबईत घरं सजवायच्या कामात होती. तिने हॉल नको म्हणून सांगितलं. लग्न शेतावर, आंब्याच्या झाडांखाली, आणि पाहुण्यांना बसायलाही शेतावरचंच काहीतरी. पांढरी कापडं घातलेल्या, मागे सोनेरी बो बांधलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या तिला डोळ्यासमोर नको होत्या.

शेत मिळालं नेऱ्याला, तुळशीरामचं. तुळशीराम कंपनीत लोडर होता. आपणहून घरी येऊन म्हणाला, "ताली आमच्यापुढंच मोठी झालीय. शेत तुमचंच हाय. भाडंबिडं काय नाय." बोलणं फार गोड होतं, आणि म्हणूनच ते एफ्राइमना खटकलं. रात्रीच्या जेवणाला त्यांनी बायकोला विचारलं, "फुकट का देतोय?"

"चांगला माणूस आहे म्हणून," सारा म्हणाली.

एफ्राइमनी आणखी भात वाढून घेतला. तुळशीरामला डावा डोळा नव्हता, आणि तो का नव्हता हे त्यांना ठाऊक होतं.

बसायचं काय, यावर घरात पंधरा दिवस धुमश्चक्री चालली. आधी पेंढ्याचे गठ्ठे. तालीने चार गठ्ठे आंब्याखाली मांडून आईवडिलांना नेलं. एफ्राइमनी काठीने प्रत्येक गठ्ठा उलटापालटा केला. "यात विंचू असला तर? कुणी सिगरेट टाकली तर?" विंचू निघाला नाही, पण सारा दहा मिनिटं बसली आणि रेशमी साडीतून टोचलेल्या काड्या काढत घरी आली. मग झाडांचे ओंडके. त्यांवर एफ्राइम स्वतः बसले आणि उठताना तुळशीरामला हात द्यावा लागला. सत्तरी ओलांडलेले तीस पाहुणे येणार होते. ओंडकेही गेले.

शेवटी तालीने कमरुद्दीन मुकादमला गाठलं. कमरुद्दीन लग्नाच्या मांडवांना सामान भाड्याने द्यायचा आणि हल्ली स्वतःच्या वखारीत लाकडी बाकडी बनवायला लागला होता. जासईला कंटेनरच्या यार्डांमधून माल ठेवायच्या जुन्या लाकडी चौकटी, म्हणजे पॅलेट, भंगारात निघतात. त्या उकलून तो बाकडी ठोकायचा. रंग नाही, पॉलिश नाही, लाकडाच्या रेषा तशाच दिसायच्या. ताली खूश झाली. एका बाकड्यावर तिघं, साठ बाकड्यांत सगळं वऱ्हाड बसलं असतं.

"कुठलं लाकूड?" एफ्राइमनी विचारलं.

"पाइन, साहेब. परदेशातलं. बिलकुल बेऐब, काही खोट नाही."

एफ्राइमनी बाकडं उलटं केलं. कमरुद्दीन हसला. पण एफ्राइम एक झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं, अशी साठच्या साठ उलटी करत गेले तेव्हा त्याचं हसणं मावळलं. पॅलेटवर शिक्का असतो हे एफ्राइमना स्टोअरमुळे माहीत होतं. एचटी म्हणजे लाकूड भट्टीत तापवलेलं, एमबी म्हणजे किडीसाठी विषारी वायूची धुरी दिलेलं. एकोणपन्नास बाकड्यांखाली कुठे ना कुठे एचटी होतं. अकरा बाकड्यांखाली काहीच नव्हतं. तिथे रंधा मारला होता.

"शिक्के का काढले?"

"शिक्के कशाला काढू? पाहुण्यांच्या कपड्यांना कुसळ लागू नये म्हणून रंधा मारला."

"खालच्या बाजूला? तिथे कुणाचे कपडे लागणार?"

कमरुद्दीनने वाकून खालची बाजू बघितली. एफ्राइम गुडघ्यांवर बसले आणि त्या अकरांतल्या एका फळीला त्यांनी नाक लावलं. फळीच्या सांध्यात पिवळसर डाग मुरला होता. वास अगदी हलका, सडक्या बदामासारखा.

"पप्पा, पुरे!" ताली ओरडली. "तुम्हाला जिथे तिथे लबाडच दिसतात. पेंढ्यात विंचू, फुकट शेतात काळंबेरं, आता यात विष!"

कमरुद्दीनचा चेहरा उतरला होता. "साहेब, तीस वर्षं धंदा करतो. या गावात माझ्या नावाला कुणी बट्टा लावलेला नाही. तुमची तसल्ली होत नसेल तर उद्या चला जासईला. माझ्या टेम्पोतून चला. डोळ्यांनी बघा."

घरी सगळे रुसलेले. एफ्राइम गॅलरीत बसून राहिले. असाच एक वास त्यांना पूर्वी एकदा आला होता. १९९६ साली एका पिंपाचं लेबल एक सांगत होतं आणि वास दुसरंच. त्यांनी पिंप बाजूला काढलं, तर साहेब खेकसले, "गाडी खोळंबलीय, किहीमकर, तुमचे चोचले पुरे." त्यांनी सही केली. अर्ध्या तासाने ते पिंप उतरवताना झाकण निसटलं आणि खाली तुळशीराम होता. चौकशीत लेबल बरोबर ठरलं, सही बरोबर ठरली, तुळशीराम निष्काळजी ठरला. एफ्राइमनी तोंड उघडलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी कुठल्याच लेबलावर विश्वास ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोत तुळशीरामही चढला. "माझ्या शेतावर मांडायची हायत ना बाकडी? मग मी पन बघतो." एफ्राइमच्या मनात लगेच आलं, हा कशाला येतोय?

जासईला भंगारवाल्याच्या यार्डात पॅलेटच्या दोन राशी होत्या. एक नीट रचलेली. दुसरी मागच्या कुंपणाशी टाकलेली, डागाळलेली, एमबीचे शिक्के उघडे. कमरुद्दीन भंगारवाल्याला घेऊन आत पत्र्याच्या खोलीत गेला. बाहेर दोघंच उरले. आतून चढे आवाज यायला लागले.

एफ्राइमना वाटलं, आता नाही तर कधीच नाही. "तुळशीराम, ते पिंप... सही माझी होती. मला वास आला होता."

तुळशीरामने मागच्या राशीवरची नजर काढली नाही. "म्हाईत हाय. त्याच आठवड्यात गेटवाल्यानं सांगितला मला."

"मग शेत का दिलंस?"

"तुमी दर रविवारी दवाखान्यात यायचात. मोसंबी आनायचात, गप बसायचात, जायचात. मला वाटायचा, हा मानूस मी तक्रार करतो का काय ते बघायला येतो. तीन वर्सं मी तुमच्यावर डोला ठेवून व्हतो, एकच व्हता तरी. मग कलला, तुमाला बोलायचा व्हता नि जमत नव्हता. राग गेला नाय, साहेब. पन कमी झाला. तालीचा त्यात काय?"

एफ्राइमनी मनात हिशेब केला. तीन वर्षं तुळशीरामने त्यांच्यावर पाळत ठेवली होती, आणि त्यांनी अठरा वर्षं तुळशीरामवर.

तेवढ्यात कमरुद्दीन बाहेर आला, कपाळावर घाम. महिन्यापूर्वी तो आजारी असताना शेवटची खेप भंगारवाल्याने परस्पर वखारीत पाठवली होती. चांगला माल कमी पडला म्हणून मागच्या राशीतला मिसळला आणि शिक्के आधीच रंधा मारून काढून टाकले. कमरुद्दीनच्या सुताराला वाटलं, मालकानेच सांगितलं असेल.

"मी एकेक पॅलेट हाताने निवडतो," कमरुद्दीन म्हणाला, "आणि ही एक खेप बघितली नाही. रंध्याचं मात्र मी तुम्हाला उगाच सांगितलं, साहेब. मला स्वतःलाच माहीत नव्हतं, आणि माहीत नाही म्हणायची लाज वाटली."

अकरा बाकडी त्याने त्याच संध्याकाळी उकलली. वखारीतली माणसं त्यांची शेकोटी करायला निघाली, तेव्हा एफ्राइम धावले. "जाळू नका, धूर छातीत जाईल." लाकूड टेम्पोत भरून यार्डात परत गेलं. तालीने सगळं ऐकलं. माफी वगैरे मागितली नाही, पण रात्री स्वतःच्या हाताने बापाला वाढलं.

तेहतीस जागा कमी पडत होत्या. तुळशीराम म्हणाला, गावात सुतळीच्या खाटा आहेत, म्हाताऱ्यांना त्याच बऱ्या. एफ्राइमनी लगेच विचारलं, "ढेकूण?" तुळशीराम हसला नाही. त्याने आणि सखूबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, बारा खाटा तीन दिवस उन्हात टाकल्या, चुलीवरचं उकळतं पाणी ओतलं. एफ्राइम रोज नेऱ्याला जाऊन सुतळीच्या गाठी तपासत होते आणि सखूबाई दुरून बघत होती. तिसऱ्या दिवशी साराही आली होती, तिला सखूबाई म्हणाली, "या मानसाला सून मिलाली असती तर पलून गेली असती." ते ऐकून साराला इतकं हसू आलं की खाटेवरच बसली.

लग्न नीट पार पडलं. म्हातारी मंडळी बाकड्यांकडे फिरकलीच नाहीत, सगळी खाटांवर ऐसपैस. ठाण्याहून आलेल्या डॅनीच्या आत्याने तर चप्पल काढून मांडीच घातली आणि मलिद्याचे गोड पोहे तिथेच मागवले. तुळशीराम सर्वांत मागे उभा होता. एफ्राइम स्वतः जाऊन त्याला पुढच्या खाटेवर घेऊन आले. तो बसला, पण अवघडून, कडेला.

पुढे कमरुद्दीनची बाकडी पनवेलभर गाजली. शेतावरची लग्नं वाढत होती. दर गुरुवारी जासईहून माल आला की तो एफ्राइमना फोन करायचा. ते जायचे, प्रत्येक पॅलेट उलटी करायचे. कमरुद्दीन चहा मागवायचा आणि मुकाट बघत बसायचा. सुरुवातीला त्याला अपमान वाटायचा, मग सवय झाली.

एकदा साराने विचारलं, "दोन वर्षं झाली. अजून त्या बिचाऱ्यावर विश्वास बसला नाही का?"

"कमरुद्दीनवर आहे," एफ्राइम चपला घालत म्हणाले. "लाकडाचं मी सांगू शकत नाही."