पुढची चाकं धरून ठेवणारं बटण

माझी धाकटी बहीण कोइमतूरची नोकरी सोडून तंजावूरला परतली, ती ड्रॅग रेसचं वेड घेऊनच. दोन गाड्या, सरळ रस्ता, आधी पोचेल तो जिंकला, एवढंच मला त्यातलं कळत होतं. तिने अप्पांची जुनी गाडी मागितली, कारण तिचं इंजिन मागची चाकं फिरवतं. अप्पांनी किल्ली टेबलावर ठेवली. तिने नोकरी सोडल्यापासून त्या दोघांत 'जेवायला ये' यापलीकडे बोलणं उरलं नव्हतं. चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले आमचे वडील राजवाड्यामागच्या गल्लीतून गाडी काढताना गायीलासुद्धा आधी वाट देत.

एका सकाळी ती बॉनेटखाली ब्रेकच्या नळीत मुठीएवढी झडप बसवत होती.

"हे काय गं?" मी विचारलं.

"लाइन लॉक, अक्का. ब्रेक दाबायचा, मग हे बटण दाबून धरायचं आणि ब्रेकवरचा पाय काढायचा. पुढच्या चाकांचा ब्रेक लागलेलाच राहतो, मागची मोकळी. इंजिनाला जोर दिला की मागची जागच्या जागी गरगर फिरतात."

"नुसता धूर काढायला?"

"धूर निघतोच. पण टायर तापून चिकट व्हायला हवा, म्हणजे सुटताना रस्ता धरतो."

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तापलेलं रबर चिकटतं हे मला ठाऊक होतं, पण त्यासाठी कुणी गाडी उभी ठेवून पळवत असेल असं वाटलं नव्हतं. मला ते बघायचंच होतं. गंमत म्हणजे अप्पाही निघाले.

आमच्या मामेभावाच्या भातगिरणीचं सिमेंटचं अंगण तेव्हा रिकामं होतं. बहिणीने मागच्या चाकांखाली पाणी ओतलं, बटण दाबलं, जोर दिला. चाकं फिरली, पण गाडीही पुढे घसरत गेली आणि तुसाच्या ढिगात नाक खुपसून थांबली. ती उतरली तेव्हा केसांत तूस होतं आणि डोळ्यांत पाणी. येत्या रविवारी रेस होती.

अप्पा तिच्या जागी जाऊन बसले. पायाने ब्रेक दोनचारदा दाबून म्हणाले, "मऊ लागतोय. आधी असा नव्हता."

ती चमकली. "ब्रेकच्या नळीत हवा राहिली असणार, म्हणून पुढची चाकं नीट धरली नाहीत. घाईत नीट काढली नाही मी."

मग ती पुढच्या चाकापाशी बारीक नळी आणि बाटली घेऊन बसली.

"दाबा, अप्पा."

"दाबलं."

"धरून ठेवा… आता सोडा."

"सोडलं."

बाटलीत बुडबुडे येत होते. ते थांबेपर्यंत दोघांचं हेच चाललं. कित्येक महिन्यांत इतका वेळ ती एकमेकांशी बोलली नव्हती.

मग बहिणीने गाडीत बसून पुन्हा बटण दाबलं. या खेपेला गाडी हलली नाही. मागची चाकं ओरडू लागली, पांढऱ्या धुराने अंगण भरलं. ती थांबल्यावर मी जरा वेळाने टायरला बोट लावलं, तर गुळाचा पाक लागावा तसं ते चिकटलं.

"सरक," अप्पा तिला म्हणाले.

"तुम्ही?"

"जन्मभर टायर झिजू नये म्हणून जपलं. झिजतात कसे ते तरी बघू."

ती शेजारी बसली. धुरात मला दोघंही दिसेनाशी झाली, फक्त अप्पांचं हसणं ऐकू येत होतं. ते हसणं मला अनोळखी होतं.

रविवारी बहीण पहिल्याच फेरीत हरली, अगदी थोडक्यात. परतताना अप्पा तिच्याशेजारी बसले. मागच्या टायरांत हवा किती कमी ठेवायला हवी होती यावर दोघांची जुंपली होती. मराठी अपुरी पडली तशी दोघं तमिळमध्ये शिरली, आणि मी मागच्या सीटवरून विचारलं, "पण हवा कमी केल्याने नक्की काय होतं?"

दोघांनीही एकदम सांगायला सुरुवात केली.