चुकीसाठी लागणारं क्रियापद

मंठ्याच्या शाळेत मी एकवीस वर्षं मराठी शिकवतो. इंग्रजीच्या मॅडम जालन्याहून रोज जाऊन-येऊन नोकरी करायच्या. एक दिवस त्या घरच्याच जिन्यावरून पडल्या आणि पाय मोडून बसल्या. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं.

"सर, मॅडम तीन महिने येत न्हाईत. आठवीचं इंग्रजी तुम्ही घ्या."

"मला इंग्रजी येत न्हाई, सर."

"कुणालाच येत न्हाई. तुमचे तास कमी आहेत."

मी आठवीचं इंग्रजीचं पुस्तक घेऊन बाहेर पडलो.

पहिल्याच तासाला मुलांशी ओळख वाढवावी म्हणून मी इंग्रजीत म्हणालो, "आय व्हेरी लाइक मराठी." पहिल्या बाकावरची मुलगी शेजारणीकडे बघून हसली. मग तो बाक हसला, मग सगळा वर्ग. एकवीस वर्षं मी मुलांना हसवत आलो होतो, पण मुलं माझ्यावर हसण्याची ही पहिलीच वेळ. उरलेला वेळ मी हजेरी घेतली. हजेरी आधीच झाली होती.

त्या दिवशी घरी जाताना मला मॅडमचं भाषण आठवलं.

दोन वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनाला त्यांनी इंग्रजीत भाषण केलं होतं. सूत्रसंचालन माझ्याकडं होतं. भाषण लांबलं तसा मी दुसऱ्या माइकवरून म्हणालो, "मॅडम, मराठीत सांगा. लोकं जेवायचे राह्यलेत." मांडव हसला. मॅडमनी हातातल्या कागदाची घडी केली आणि त्या खाली जाऊन बसल्या. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. काही काम निघालं तर शिपायाकरवी निरोप यायचा. मी लोकांना सांगायचो, की मॅडमला गंमत कळत न्हाई.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी एसटीनं जालन्याला गेलो. मॅडमचं घर जुन्या जालन्यात, सासऱ्यांच्या कापडाच्या ठोक दुकानाच्या वर. राजस्थानातून येऊन तीन पिढ्या झालेलं ते घर. मॅडम खुर्चीत होत्या आणि प्लास्टरातला पाय स्टुलावर होता.

"काय अडलं?" त्यांनी विचारलं. दोन वर्षांतलं ते पहिलं वाक्य.

"व्हेरी लाइक."

"व्हेरीला एकट्याला लाइकच्या पुढं उभं करायचं न्हाई. व्हेरी मच म्हणायचं, अन् ते वाक्याच्या शेवटाला. पुढंच पाहिजे असंल तर रिअली. आय रिअली लाइक."

"असं का पण?"

"सोबत ठरलेली असते, सर. रेन म्हणलं की हेवी. टी म्हणलं की स्ट्राँग. होमवर्क डू करायचा, डिसिजन मेक करायचा. आधी नाम बघा, मंग त्याचं क्रियापद शोधा, मंग क्रियाविशेषण."

"पण कारण काय?"

"आपण हाक मारतो, मिठी मारतो, थापा मारतो. मारतो का कुणाला?"

एकवीस वर्षांत हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी वहीत लिहून घेतलं.

त्यानंतर दर शनिवारी जात राहिलो. मॅडम जोड्या सांगायच्या, मी लिहायचो आणि सोमवारी वर्गात तेवढंच शिकवायचो. त्यापलीकडचं कुणी विचारलं तर पुढच्या आठवड्यात सांगतो म्हणायचो. शिकवणीशिवाय मॅडम एक शब्द बोलत नव्हत्या. चहा मात्र यायचा.

चौथ्या शनिवारी मी एसटीत दोन वाक्यं जुळवून नेली. वही न उघडताच म्हणालो, "मॅडम, आय डिड अ मिस्टेक. आय हायली अपॉलोजाइज."

मॅडमनी खिडकीबाहेर बघितलं. खाली कुणीतरी रिक्षातून कापडाचे गठ्ठे उतरवत होतं. शेवटचा गठ्ठा उतरेपर्यंत त्या तिकडंच बघत होत्या.

"मेड," त्या म्हणाल्या. "मिस्टेक डू करत न्हाईत, मेक करतात. अन् अपॉलोजाइजला सिन्सिअरली लागतं. हायली रेकमेंडला."

"आय मेड अ मिस्टेक. आय सिन्सिअरली अपॉलोजाइज."

"आता बराबर."

वाक्य बरोबर झालं की माफी मिळाली, हे मला कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही.

जरा वेळानं त्याच म्हणाल्या, "दोनच ओळी राहिल्या होत्या त्या दिवशी. आभाराच्या. तुमचे आभार होते, सूत्रसंचालनाचे."

मी चहाकडं बघत बसलो.

"मी ते इंग्रजीत लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कळलं नसतं तसंबी."

आणि त्या हसल्या. मग मीही हसलो. त्यांच्या सासूबाई काय झालं म्हणून आतून बघून गेल्या.

तीन महिन्यांनी मॅडम काठी घेऊन शाळेत हजर झाल्या. आठवीच्या वर्गात जाऊन त्यांनी मुलांना तपासलं. मुलांना दोनशेच्या वर जोड्या तोंडपाठ होत्या, पण सलग वाक्य एकालाही बोलता येत नव्हतं. मॅडम स्टाफरूममध्ये आल्या, माझ्या समोरच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "सर, वाक्यांचं मी बघते."