उजवी खुर्ची

आक्का पुन्हा उजव्या खुर्चीत बसायला निघाली, तेव्हा तिच्या कपाळावर कलपालाही दाद न देणारी एक पांढरी बट होती.

विमानात कॅप्टन डावीकडे बसतो, सहवैमानिक उजवीकडे. उजवी खुर्ची सोडून आक्काला कितीतरी वर्षं झाली होती. छोट्या गावांना मोठ्या विमानतळाशी जोडणारी पंख्यांची विमानं ती चालवायची. हवाई सेविकांपासून सामान चढवणाऱ्यांपर्यंत सगळे तिला आक्काच म्हणत. मग ज्या मोठ्या कंपनीसाठी या फेऱ्या चालत, तिचा धंदा बसला. कंपनीने विमानं कमी केली. तिथले ज्येष्ठ वैमानिक एक पायरी खाली सरकले, त्यांनी खालच्यांना ढकललं, आणि धक्का पोचला तो छोट्या गावांच्या फेऱ्यांपर्यंत. फेऱ्याच बंद झाल्या. आक्काच्या माणसांना सरकायला खाली पायरीच नव्हती. एक हवाई सेविका दवाखान्याच्या खिडकीत बसून पेशंटची नावं पुकारू लागली. आक्का घरी बसली.

वैमानिकाची ज्येष्ठता त्याच्याबरोबर जात नाही. दुसरी कंपनी धरली की रांगेत शेवटी उभं राहायचं, मग किती का वादळं पचवलेली असेनात.

चष्म्याचा फोन आला तो याच दिवसांत. चष्मा म्हणजे आक्काचा जुना सहवैमानिक. आडव्या वाऱ्यात विमान उतरवायला त्याला तिनेच शिकवलं. फेऱ्या बंद व्हायच्या आधीच तो मालवाहू विमानांच्या कंपनीत गेला आणि तिथे कॅप्टन झाला.

"आक्का, आमच्याकडे एक जागा आहे. पण..."

"पण काय? बोल की. मूग गिळलेस का?"

"उजवी खुर्ची आहे. आणि डावीकडे बहुतेक मीच असेन."

"खुर्चीला चारी पाय आहेत ना? मग झालं."

आधी परीक्षा होती. विमान जमिनीवरच ठेवून आकाश दाखवणारं यंत्र असतं, सिम्युलेटर, त्यात. नापास झाली तर ही कंपनी पुन्हा दारात उभं करणार नव्हती. शिवाय न उडवता राहिलं की वैमानिकाचा परवाना निकामी होतो, आणि आक्काचा आता मुदतीच्या कडेला आला होता.

सरावाच्या पहिल्याच दिवशी तिने विमान धावपट्टीच्या मधल्या रेघेच्या चांगलंच डावीकडे उतरवलं. नजर अजून डाव्या खुर्चीतच बसलेली होती. हातांचंही तेच. डावीकडे बसलं की डाव्या हातात सुकाणू आणि उजव्यात इंजिनाचा दांडा. उजवीकडे सगळं उलटं.

घरी तिने स्वयंपाकघरात खुर्ची मांडली. उजव्या हातात कढईचं झाकण, डाव्यात पळी. झाकण हलकेच कलवायचं, पळी मागे ओढायची. पुन्हा. पुन्हा. खांदा भरून आला तरी पुन्हा.

"आकाशात उडतेस म्हणे," सासूबाई म्हणाल्या, "आणि साधी पळी धरता येईना?"

नवरा शिंपी. कापड बेतता बेतता तो म्हणाला, "हसू नकोस आई. मला डाव्या हाताने कात्री धरायला लाव, गिऱ्हाईक उघडं जाईल घरी." मग बायकोकडे वळला. "हात वळतील तुझे. तोंडाचं काय? तिथे हुकूम दुसऱ्याचा. सवय आहे?"

"अहो, मग द्या की हुकूम."

कॉकपिटमधला रिवाज असा, की हुकूम ऐकला की तो आधी मोठ्याने परत म्हणायचा आणि मग हात हलवायचा. नवऱ्याने संधी सोडली नाही.

"चहा टाक."

"चहा टाकते."

"साखर जास्त."

"साखर बेताची. डॉक्टरांनी सांगितलंय."

"नापास!" नवरा ओरडला. सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

आक्का हसली नाही. चूक तिला कळली. दुसऱ्या दिवशी तिने साखर जास्त घातली.

परीक्षेच्या सकाळी डावीकडे चष्मा, उजवीकडे आक्का, मागे परीक्षक. विमान जमिनीवरून सुटलं आणि परीक्षकाने उजवं इंजिन बंद पाडलं. विमान उजवीकडे ओढ घेऊ लागलं. चष्म्याने ते सरळ धरलं. त्याचे हातपाय बरोबर चालले होते. तोंडाने मात्र घात केला.

"आक्का, परत फिरायचं का?"

मागे परीक्षकाचं पेन थांबलं.

उत्तर आक्काच्या जिभेच्या टोकावर होतं. इतकी वर्षं तेच तर दिलं होतं. पण ते दिलं असतं तर उजव्या खुर्चीत कॅप्टन आणि डाव्या खुर्चीत शिकाऊ, असं झालं असतं. दोघंही परीक्षकाच्या नजरेतून उतरली असती. तिने ते उत्तर गिळलं.

"उजवं इंजिन बंद. उंची पुरेशी आहे," ती शांतपणे म्हणाली. "कॅप्टन, तुम्ही सांगा."

या वेळी चष्म्याचा आवाज ठाम होता.

"परत फिरायचं. उतरवायचं तुम्ही."

"परत फिरायचं. उतरवते मी."

उजव्या हातात सुकाणू, डाव्यात दांडा. रेघ यावेळी तिने डाव्या गुडघ्यासमोर धरली आणि तिथून हलू दिली नाही. चाकं टेकली.

"किंचित डावीकडे," परीक्षक म्हणाला.

"हो. तेही जाईल."

"जाईल," म्हणत त्याने पास लिहिलं.

बाहेरच्या बोळात चष्मा तिच्या मागे मागे आला. कान अजून लाल होते. "आक्का, तुम्ही मला चक्क तुम्ही म्हणालात?"

"तिथे आत म्हणेन. रोज म्हणेन." तिने डावं मनगट चोळलं. "इथे बाहेर तू चष्माच. जा, दोन चहा आण. माझ्यात साखर बेताची."

"साखर बेताची," चष्मा मोठ्याने म्हणाला आणि चहा आणायला गेला.