आईनं धरलेली जागा

आमच्यात जाळत नाहीत, बसवतात. लिंगायताच्या घरी माणूस गेलं की त्याला आंघोळ घालायची, कपाळाला भस्म लावायचं, डाव्या तळहातावर त्याचं गळ्यातलं इष्टलिंग ठेवून मांडी घातलेल्या स्थितीत खड्ड्यात बसवायचं आणि वरून माती लोटायची. सोलापूरकडे यासाठी शेताचा बांध होता. वडील अंबरनाथच्या कारखान्यात लागले, बदलापुरात हेंद्रेपाड्याला घर झालं, पण बांध काही ट्रंकेत घालून आणता आला नाही. वडील गेले तेव्हा स्मशानाच्या मागच्या भिंतीजवळचा कोपरा मिळाला. त्यांच्या शेजारी एका माणसापुरती जागा मोकळी होती. आईनं ती तेव्हाच नजरेनं मापून ठेवली.

तो कोपरा फक्त आमचा नव्हताच. गोसाव्यांना तिथंच जागा देत, आणि कुठल्याही जातीचं तान्हं मूल तिथंच पुरत, कारण तान्ह्याला कोणीच जाळत नाही. गाव वाढलं, कोपरा होता तेवढाच राहिला. उलट एका बाजूनं लाकडांची शेड आत सरकली, दुसऱ्या बाजूनं रस्ता. बसवायला दुसरीकडे जागा मिळते का म्हणून अंबरनाथला विचारून झालं, उल्हासनगरात कॅम्प पाचच्या ओळखीच्यांकडे शब्द टाकून झाला. सगळीकडे हात वर. आमच्यातल्याच एका शहाण्यानं आईसमोर सांगितलं, "आता बरेच जण जाळतात, त्यात काय एवढं?" दिवाळीत फुलबाजीसुद्धा लांबून बघणारी माझी आई. ती त्या दिवशी जेवली नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती दुपारी पोतं काखेत मारून स्मशानात जायला लागली. वडिलांच्या शेजारच्या जागेवर पोतं अंथरायचं आणि बसायचं. जागा धरायला!

तिथला राखणदार तिला म्हणाला, "मावशी, इथं रुमाल टाकून जागा मिळत नाय हां."

"म्हणून तर मीच बसते की," आई म्हणाली.

मी मुळात तापट. माझं डोकंच फिरलं. जिवंतपणी मसणात बसायची कसली ही हौस! तिला ओढून आणायचं ठरवून गेले आणि भिंतीपाशीच थबकले. आई ताठ मांडी घालून बसली होती. डोळे मिटलेले, कपाळाला भस्म, डावा तळहात मांडीवर उघडा. बसवतात तशीच. छाती हलतेय का ते कळेना. कोणाच्या तरी मयताला आलेल्या दोन बायकांनी तिच्यापुढे नारळ ठेवून हात जोडले होते. मी हाका मारल्या, ओ नाही. हात धरला तर गार.

मग तिनं डोळे उघडले. "केवढ्यानं ओरडतेस! तुझे वडील तरी कधी पहिल्या हाकेला ओ द्यायचे?"

बसवलेल्या माणसाचं एक असतं. काही वर्षांनी आतलं शरीर खचतं आणि वरची माती खाली बसते. तो सगळा कोपरा अशा खोलगट जागांनी भरलेला होता, एकीला लागून दुसरी. पाऊल ठेवलं की जमीन किंचित खाली जायची, खाली कोणीतरी अंग चोरून घेतल्यासारखी. मी भिंतीला धरून चालायची. आई मात्र बिल्डिंगमधल्या शेजारणीबद्दल सांगावं तशी सांगायची, "उजवीकडची बाई फार अवघडलीय गं. दाटी झाली खाली." त्या बाईबद्दल आम्हाला काहीच माहीत नव्हतं. बाई होती हेसुद्धा. भर दुपारी माझ्या अंगावर काटा यायचा. मला भीती वाटायची ती भुताखेतांची नाही. आई थोडी थोडी तिकडची होत चाललीय, याची.

एके दिवशी तिला न्यायला गेले तर एक तरुण माणूस हातात पांढऱ्या कापडाचं गाठोडं घेऊन उभा होता. सोबत दोन-तीन शेजारी. राखणदार पहार मारून बघत होता. जिथं मारेल तिथं पहार जोर न लावताच आत जायची. तो ती तशीच उपसून पुढे सरकायचा. खाली काय आहे ते सांगायची गरजच नव्हती. तो बाप एका हातानं गाठोड्यातल्या तोंडावर सावली धरून होता.

"दादा, बघा ना कुठं तरी," तो म्हणाला, "एवढंसं तर आहे."

सगळ्यांच्या नजरा आईच्या पोत्याकडे वळल्या. मी आडवी आले. "इथं नाही. ही जागा माझ्या आईची आहे."

त्यानं आईकडे पाहिलं. धडधडीत जिवंत बाई बसलेली. तो मान खाली घालून वळला.

"काय नाव ठेवलंस रे?" आईनं मागून विचारलं.

"बारसं व्हायचं होतं, आजी."

आई माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली. पोतं झटकलं, घडी घातली. खड्डा होईपर्यंत, मीठ पडेपर्यंत ती तिथंच उभी होती. राखणदारानं गाठोडं हातात घेतलं तशी पुढे झाली. "त्याला निजवा हां. आमच्यासारखं बसवू नका. मान धरत नसेल अजून."

परतताना रिक्षात मला रडू आवरेना. रागही तेवढाच आला होता. "झालं तुझं दानधर्म करून? आता तुला कुठं बसवू मी? सांग ना!"

ती पदरानं कपाळावरचं भस्म पुसून म्हणाली, "जाळ."

मी वळून तिच्याकडे पाहिलं.

"जाळ मला," ती म्हणाली. मांडीवरची पोत्याची घडी तिनं घट्ट धरली होती. "फक्त घाई करू नकोस. मी पुरती गेलेय ना, ते आधी नीट बघ. दोन-चार हाका मार."