सरांनी दिलेलं निरांजन

भुताखेतांवर, देवाच्या संकेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी समुद्रकाठच्या देवबागचा, घरातला पहिला पदवीधर, केमिकल इंजिनिअर. तरी हे लिहितोय... कारण शिकलेलं सगळं लावून बघितलं, उत्तर मिळालं नाही.

मी परराज्यातल्या एका गॅस प्लांटमध्ये होतो. जमिनीतून निघणाऱ्या नैसर्गिक वायूत विषारी हायड्रोजन सल्फाइड असतो. उंच टॉवरमध्ये वरून अमाइनचं द्रावण सोडतात, खालून वायू. द्रावण विष शोषून घेतं, वरून स्वच्छ गॅस निघतो. हे विष थोडं असेल तर कुजक्या अंड्यांचा वास येतो. जास्त असेल तर नाकच बधिर होतं. म्हणून कॉलरला डिटेक्टर लावायचा, आणि लावण्याआधी त्यावर टेस्ट गॅस सोडून तो वाजतो ना, हे रोज बघायचं.

नोकरी लावली ती प्लांटमधल्या माझ्या वरिष्ठांनी, सावंतवाडीच्या आमच्या सरांनी. एकदा ते घरी आले, आईच्या हातचं तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, कालवण खाल्लं आणि तिला चांदीचं निरांजन दिलं.

अपघात झाला त्या सकाळी सरांनी स्वतः माझ्या कॉलरला डिटेक्टर लावला. मी टेस्ट गॅसकडे वळलो, तर हसले.

"मीया बघलंय रे. देवबागचो इंजिनिअर आता माका तपासतलो?"

मी लाजलो. तपासलं नाही.

अकराच्या सुमारास सॅम्पल घेताना व्हॉल्व्ह गळला. डिटेक्टर गप्प. शुद्धीवर आलो तो दवाखान्यात... फोनवर आईचे मिस्ड कॉल, पहिला अकराचाच. मी तिला फोन लावला.

"बाबू, खंय आसस? निरांजन काळा पडला, माझ्या डोळ्यांदेखत."

"खाऱ्या हवेने पडतं गो आये."

"मगे बाजूचो करंडो पांढरो कसो? तोव चांदीचोच मा." मग हळूच म्हणाली, "ज्येना दिल्यान, त्येच्यापासून जप."

मी तिच्यावर चिडलो. सर माझ्यासाठी देवाच्या जागी होते.

चार दिवसांनी चौकशीत सरांचा जबाब वाचला गेला — नादुरुस्त म्हणून बाजूला ठेवलेला डिटेक्टर मी त्यांना न विचारता उचलला. सर समोर बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. नोकरी गेली.

या वायूने चांदी काळी पडते, हे मला माहीत आहे. पण वायू तिकडे, निरांजन देवबागला. आणि तो डाग टूथपेस्टनेही निघायला हवा. चिंच, रांगोळी, सगळं झालं... निघत नाही. का, ते मला आजही सांगता येत नाही.

काल पुन्हा घासायला बसलो, तर आईने ते हातातून काढून घेतलं.

"पुरे झाला. दिसांदे तसाच."

आणि वात लावून देवासमोर ठेवलं.